मुख्याध्यापकांच्या नेमणुकीवर पालकांचा आक्षेप असेल तर

शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू झाले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांत त्यांची कुंडली मांडून होते. अध्यक्षांचे जावई आहेत, आधीच्या शाळेत चौकशी लागली होती म्हणे, ज्येष्ठ बाईंना डावलून आणलंय, मुलांवर हात उचलतात. मग कोणीतरी निवेदन टाइप करतं, सह्या गोळा होतात, कागद शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो आणि तिथेच पडून राहतो. कारण त्या एका कागदात चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी ठोठवायचं दार वेगळं असतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या शाळांपुरता आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर किंवा शिक्षक-पालक संघावर नुकतेच निवडून आलेले, किंवा 'तुम्ही जरा पुढे व्हा' म्हणून ढकलले गेलेले पालक डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे निराशा नको. मुख्याध्यापकांची नेमणूक हा संस्था, शिक्षण खातं आणि कर्मचारी यांच्यातला मामला आहे. ती रद्द करून घेण्याचा थेट हक्क कायद्याने पालकांना दिलेला नाही. डावललं गेलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायपीठात, अपील करता येतं, तुम्हाला नाही. तुमचा जोर मुलापासून सुरू होतो: मुलाची सुरक्षितता, त्याला मिळणारी वागणूक, त्याचं शिक्षण. तिथे मात्र तुमचं म्हणणं कोणाला सहज बाजूला सारता येत नाही. म्हणून आक्षेपाचा जेवढा भाग मुलांशी जोडता येतो तेवढा जोडा. बाकीचा भाग कागद मागण्यापुरता ठेवा.

आधी शाळा कोणती ते ओळखा

जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा असेल तर तिथे संस्था हा प्रकार नाही. मुख्याध्यापक पदोन्नतीने किंवा बदलीने येतात. ग्रामीण भागात पहिली पायरी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). बदली आणि शिस्तभंगाचा विषय शेवटी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पोचतो. अशा शाळेत पालकांना 'हे नकोत, दुसरे द्या' म्हणता येतं, पण कारण ठोस लागतं. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर वजन वाढतं.

खाजगी अनुदानित शाळा असेल तर 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली लागते. बोलीभाषेत सगळे 'एमईपीएस' म्हणतात. मुंबईतल्या माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षक आहेत, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन विभाग. इतरत्र शिक्षणाधिकारी (माध्यमिक).

अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर थांबा. एमईपीएस कायद्याच्या कलम 3 नुसार अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची भरती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. सेवाज्येष्ठता डावलली, हा मुद्दा तिथे लागूच पडत नाही. पुष्कळ निवेदनं इथेच पहिल्या फेरीत बाद होतात, म्हणून शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का हे आधी बघून घ्या.

सीबीएसईच्या शाळेत प्राचार्यांची पात्रता आणि निवड मंडळाच्या 2018 च्या संलग्नता उपविधींनुसार तपासली जाते. त्याच उपविधींप्रमाणे शाळेच्या व्यवस्थापन समितीत दोन पालक असायला हवेत. ते दोघे कोण आहेत हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. शोधून काढा, समितीच्या बैठकीतला तुमचा आवाज तेच आहेत. मंडळाचं विभागीय कार्यालय पुण्यात आहे.

मग आक्षेपाचे तुकडे करा

एका वहीच्या पानावर सगळ्यांच्या तक्रारी लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारा: हे मी पाहिलं, माझ्या मुलाने सांगितलं, कागदावर आहे, की ऐकलं? 'ऐकलं' या रकान्यातल्या गोष्टी निवेदनात जाणार नाहीत. एवढ्या चाळणीने अर्धी यादी गळते, आणि ती गळलेलीच बरी.

उरलेल्याचे साधारण चार ढीग होतात. एक, पात्रता आणि सेवाज्येष्ठता. दोन, नेमणूक करणाऱ्या संस्थेतलाच वाद. तीन, मुलांच्या सुरक्षिततेचा किंवा वागणुकीचा प्रश्न. चार, कारभार: फी, पुस्तकं-गणवेशाची सक्ती, शिक्षकांना वर्गाबाहेरची कामं, पालकांना न भेटणं.

पाचवा ढीगही असतो, तो कोणी उघड बोलत नाही. मुख्याध्यापक अमुक जातीचे, तमुक धर्माचे, बाहेरच्या जिल्ह्यातले, किंवा बाई आहेत म्हणून नकोत. चर्चा त्या दिशेला सरकतेय असं वाटलं तर तिथेच तोडा. असं एक वाक्य निवेदनात किंवा ग्रुपवर राहिलं तर बाकीचे दहा खरे मुद्दे मातीत जातात, आणि जायलाच हवेत.

पात्रता आणि ज्येष्ठता: नेमकं काय तपासायचं

अनुदानित शाळांत हा मुद्दा सगळ्यात जास्त निघतो, म्हणून जरा सविस्तर.

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी 1981 च्या नियमावलीतला नियम 3 बघायचा. पदवी, बी.एड., आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेतला किमान 5 वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातली किमान 2 वर्षं बी.एड. झाल्यानंतरची. या अटी पुऱ्या करणाऱ्यांपैकी जो सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याची सेवा समाधानकारक, त्याला पद द्यायचं. ज्येष्ठता ठरते त्याच नियमावलीतल्या 'अनुसूची फ'प्रमाणे. संस्थेने ठेवलेल्या सेवाज्येष्ठता यादीवरून ते दिसतं. एकाच संस्थेच्या अनेक शाळा असतील तर यादी संस्थेची असते, एकट्या शाळेची नाही. 'आमच्या शाळेतल्या बाई ज्येष्ठ असून बाहेरचे सर आणले' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं: सर त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेतले आणि बाईंपेक्षा ज्येष्ठ निघतात.

ज्येष्ठ शिक्षकाला वगळता येतं का? येतं, पण त्याने स्वेच्छेने पदावरचा हक्क सोडतो असं शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी दिलं असेल तर. स्टाफरूममध्ये याला नकारपत्र म्हणतात. नकारपत्र खरंच स्वेच्छेचं आहे की दबावाखाली लिहून घेतलं, हा पुष्कळ वादांचा गाभा असतो. पण ते सांगायचं त्या शिक्षकाने. ते गप्प असतील तर त्यांच्या वतीने पालकांनी लढू नये. त्यांना अपील करायचं तर न्यायाधिकरणात 30 दिवसांची मुदत असते. त्यांनी ती वापरली नाही आणि वर्षभराने पालकांना पुढे केलं, असं दिसलं तर दोन पावलं मागे या.

संस्थेने नेमणूक केली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. अनुदानित पदासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. ती मिळेपर्यंत काही ठिकाणी 'प्रभारी' मुख्याध्यापक असतात, आणि वाद असेल तर स्वाक्षरीचे अधिकार कोणाला द्यायचे हे खातं ठरवतं. वेतनबिलं, दाखले, बोर्डाचे अर्ज, सगळं त्या एका सहीवर अडतं. म्हणून शाळेत विचारायचा पहिला प्रश्न हा: वैयक्तिक मान्यता मिळाली आहे का, तिचा जावक क्रमांक आणि तारीख काय?

कागद कसे मिळवायचे

आधी साधं मागून बघा. शाळेत लेखी अर्ज, पोच घेऊन. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही. 'ठेवून जा, बघतो' म्हणजे पोच नव्हे.

मिळालं नाही तर माहिती अधिकार. अनुदानित शाळेलाही तो लागू होतो, पण अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे केलेला बरा, कारण मान्यतेचा प्रस्ताव तिथे आहे. विनाअनुदानित शाळा थेट या कायद्याखाली येत नाही असं सांगितलं जातं, तरीही खात्याकडे तिची जी कागदपत्रं आहेत ती खात्याकडून मागता येतात. शुल्क 10 रुपये, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइनही भरता येतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा मनातली खदखद तिथे लिहायची नाही. मजकूर एवढा पुरे:

'विषय: अमुक शाळेतील मुख्याध्यापक पदाची वैयक्तिक मान्यता. हवी असलेली माहिती: (1) मान्यता आदेशाची प्रत. (2) संस्थेने सादर केलेला प्रस्ताव व सोबतचा ठराव यांच्या प्रती. (3) प्रस्तावासोबतची सेवाज्येष्ठता यादी. (4) ज्येष्ठ शिक्षकाने हक्क सोडल्याचे लेखी निवेदन असल्यास त्याची प्रत. माहिती टपालाने हवी.'

'असं का केलं' हा प्रश्न माहिती अधिकारात विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे प्रकरणं फार साचलेली असतात. पहिल्या अपिलातच काम होईल अशा बेताने अर्ज नेमका लिहा.

काय मिळणार नाही तेही समजून घ्या. मुख्याध्यापकांना आधीच्या शाळेत मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश ही माहिती सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एका निकालात वैयक्तिक ठरवली आहे. त्यामुळे 'त्यांची जुनी चौकशी' कागदावर मिळवण्याच्या मागे महिने घालवू नका. त्याऐवजी संस्थेलाच लेखी विचारा: नेमणुकीपूर्वी चारित्र्य पडताळणी केली का, कोणत्या तारखेला? हा प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो टाळणं संस्थेला जड जातं.

संस्थेतच दोन गट असतील तर

गावोगावच्या शिक्षण संस्थांत हे नवं नाही. जुने अध्यक्ष एक मुख्याध्यापक नेमतात, नवे सचिव दुसरे. एका केबिनला दोन नावं, हजेरीपटावर दोन सह्या. अशा वेळी पालकांच्या मागण्यांना वाऱ्याचा वेग येतो, कारण दोन्ही गटांना तुमची गर्दी हवी असते.

धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्थेच्या परिशिष्ट एकचा उतारा मिळतो. अधिकृत विश्वस्त कोण हे त्यात असतं. निवडणूक होऊन बदल झाला असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली बदल अर्ज दाखल झालेला असतो, आणि तो मंजूर आहे की प्रलंबित हेही तिथेच कळतं. उतारा हातात आल्याशिवाय कोणत्याही गटाच्या बैठकीला जाऊ नका. गेलातच तर त्यांच्या लेटरहेडवर सही करू नका. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना मागणी एवढीच ठेवा: वाद मिटेपर्यंत स्वाक्षरीचे अधिकार एका व्यक्तीला द्या, मुलांचे दाखले आणि परीक्षेचे अर्ज अडू देऊ नका. यावर खात्याला लगेच काहीतरी करता येतं. कोणता गट खरा हे ठरवणं त्यांच्या हातात नाही, तुमच्या तर नाहीच.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा

मारहाण, अपमान, उन्हात उभं करणं, फीसाठी वर्गाबाहेर बसवणं: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तारीख, वर्ग, काय घडलं, कोणी पाहिलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. जखम असेल तर फोटो आणि सरकारी दवाखान्यातला कागद. शिक्षणाधिकाऱ्यांसोबत राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल, अगदी शंका असेल, तर सह्या, बैठक, निवेदन यांतलं काहीही करत बसू नका. पोलिसांकडे जा किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली शिक्षा आहे. 'शाळेची बदनामी होईल, आपण आतल्या आत मिटवू' असं कोणी म्हणालं तर ते वाक्यसुद्धा तारखेसह लिहून ठेवा. मुलाला दहा जणांपुढे पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका, आणि त्याचं नाव ग्रुपवर कधीही नको. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यानंतर 21 ऑगस्ट 2024 चा शासन निर्णय आला. त्यात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती या गोष्टी आहेत. वाद नसला तरी प्रत्येक शाळेत याबद्दल विचारता येतं. नव्या मुख्याध्यापकांशी पहिल्या भेटीत हे विषय काढा. उत्तर कसं देतात यावरून माणूस बराच कळतो.

भेट आणि निवेदन

भेटीला झुंडीने जाऊ नका. चार-पाच पालक, त्यात किमान दोन बायका, आणि वेगवेगळ्या इयत्तांचे. वेळ मागून घ्या. आधी मुख्याध्यापकांनाच भेटा, मग संस्थेच्या सचिवांना. ज्यांच्याविषयी आक्षेप आहे त्यांना न भेटता वर गेलात तर शिक्षणाधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात. (सुरक्षिततेच्या तक्रारीला हा नियम नाही.)

शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडताना एक अडचण येते. समितीचे सदस्य सचिव मुख्याध्यापकच असतात, म्हणजे त्यांच्यावरच्या आक्षेपाचं इतिवृत्त तेच लिहिणार. म्हणून विषय आधी लेखी द्या, बैठकीतच इतिवृत्त वाचून घ्या आणि त्याची प्रत मागा. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत या समितीची भूमिका सल्ल्यापुरती आहे. विनाअनुदानित शाळेत ही समिती नसतेच. तिथे शिक्षक-पालक संघ असतो, आणि 2011 च्या शुल्क कायद्याखालची कार्यकारी समिती, जिचा अधिकार फीपुरता. नेमणुकीचा ठराव तिथे मांडून काही उपयोग नाही.

निवेदन एका पानाचं असावं. वर शाळेचं नाव, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), विषय एका ओळीत. मग घटना तारखांसह, मग मागणी. 'मुख्याध्यापकांना तात्काळ हटवा' ही मागणी ऐकायला दमदार, पण कोणत्याही अधिकाऱ्याला ती जशीच्या तशी मान्य करता येत नाही. खाजगी शाळेत मुख्याध्यापकांना काढायचं तर आरोपपत्र आणि तीन सदस्यांची चौकशी समिती लागते: संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापकांनी सुचवलेला एक कर्मचारी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतून निवडलेला एक. सर्वसाधारणपणे 120 दिवसांत हे संपवायचं असतं. म्हणून मागणी अशी लिहा: 'वरील तीन घटनांची चौकशी करून त्याचा अहवाल आम्हाला कळवावा. चौकशी होईपर्यंत संबंधित मुलांशी मुख्याध्यापकांनी एकट्याने बोलू नये.' अशा मागणीवर अधिकाऱ्याला शेरा मारावाच लागतो.

प्रती: शिक्षणाधिकारी, विभागीय शिक्षण उपसंचालक, संस्थेचे सचिव. मंत्री, आमदार, पाच वर्तमानपत्रं आणि सगळ्या आयोगांना एकदम प्रत पाठवली की प्रत्येक जण कागद दुसऱ्याकडे 'उचित कार्यवाहीसाठी' सरकवतो. महिन्याभरात हालचाल झाली नाही तर राज्य सरकारच्या 'आपले सरकार' या तक्रारींच्या पोर्टलवर टाका. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवशी, सेवाविषयक आणि आस्थापनेच्या तक्रारी घेतल्या जात नाहीत, तिथे नेमणुकीचा विषय घेऊन रांगेत उभं राहू नका.

शाळेला कुलूप ठोकण्याविषयी. गावात हा मार्ग लोकप्रिय आहे आणि शिक्षकच नसलेल्या शाळेसाठी कधी कधी त्याने काम झालेलंही दिसतं. पण एका माणसाच्या नेमणुकीवरून कुलूप ठोकलं तर बातमी कुलपाची होते, शाळा मुलांचीच बुडते आणि सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार पालकांवर येते. मला हा सौदा कधीच पटलेला नाही. ग्रुपवरच्या मजकुराचंही तसंच. 'भ्रष्ट', 'लंपट' असे शब्द पुराव्याशिवाय लिहिले तर बदनामीची नोटीस ज्याने लिहिलं त्याच्या नावाने येते, ग्रुपच्या नावाने नाही.

तक्रार करणाऱ्यांच्या मुलांचं काय

सह्या करताना पालक कचरतात ते याच भीतीने, आणि भीती खोटी नाही. तोंडी परीक्षेचे गुण, स्नेहसंमेलनातून वगळणं, 'तुमच्या पप्पांना सांगा' असे टोमणे. निवेदनावर एकदोन नावं पुढे न ठेवता प्रत्येक इयत्तेतल्या पालकांच्या सह्या घ्या. असं काही घडलं तर मूळ निवेदनात न मिसळता त्याची वेगळी तक्रार द्या, कारण ती मुलाच्या छळाची तक्रार आहे आणि तिच्यामागे कलम 17 आहे.

दाखला काढून नेण्याची धमकी मिळाली तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुम्हालाच दुसऱ्या शाळेत जायचं असेल, तर पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना कलम 5 प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. नववी-दहावीला हे संरक्षण नाही. तिथे दाखल्याचा अर्ज पोच घेऊन द्या, एक प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना लगेच पाठवा, आणि बोर्डाचा अर्ज भरण्याच्या तारखा आधी बघून मगच शाळा बदलायचं ठरवा.